आज पाण्यात जायचं नाही

पोहता येत नसलं तरी चालेल, पहिल्याच तासात लाटेवर उभे राहाल, नाहीतर पैसे परत. अशा अर्थाची पाटी उत्तर गोव्यातल्या एका किनाऱ्यावर वाळूत रोवलेली होती. सात वर्षांपूर्वी मी ती वाचली, पैसे भरले आणि पाऊण तासाच्या आत मरता मरता वाचले. मला पोहता येतं, शाळेत असल्यापासून येतं, म्हणून आज हे लिहिते आहे. त्या दिवशी आमच्या नऊ जणांत तिघांना अजिबात पोहता येत नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं.

काय विचारलं होतं, ते मला पक्कं आठवतंय. रोख देणार की यूपीआय, इन्स्टाग्रामवर नाव काय, आणि व्हिडिओचं पॅकेज हवं का. मग एका छापील कागदावर सही घेतली. त्यात माझ्या जिवाची जबाबदारी माझी, एवढंच होतं. वाळूवर पाच मिनिटं पालथं झोपवून उठायला शिकवलं. नऊ जणांमागे शिकवणारा एक. दुसरा होता, पण त्याच्या हातात कॅमेरा होता आणि त्याची पाठ समुद्राकडे होती.

बोर्ड पायाला बांधायची दोरी असते, तिला लीश म्हणतात. तिचा पट्टा घोट्याभोवती वेल्क्रोनं चिकटवायचा. माझ्या पट्ट्याच्या वेल्क्रोत वाळू आणि धाग्यांची लव इतकी भरली होती की तो धड चिकटेना. मी ते दाखवलं. तो म्हणाला, ‘चलेगा.’ मग त्यानं डावीकडे बोट केलं. तिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी गडद आणि गुळगुळीत दिसत होतं. ‘इधर से जाएंगे, आसान है.’

दोन ठिकाणी फेस उसळतोय आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, असं दिसलं की तो पट्टा सर्वांत शांत वाटतो. तोच सर्वांत घातकी. किनाऱ्यावर येऊन आपटलेलं पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट शोधतं आणि ती वाट तिथे असते. तिथे ओढ असते. मुरलेले सर्फर आत जायला मुद्दाम तिचा उपयोग करतात, कारण दम वाचतो. या माणसानं त्याच वाटेनं नऊ नवशिक्यांना आत नेलं. दुसऱ्याच लाटेला माझा पट्टा सुटला. बोर्ड फेसाबरोबर किनाऱ्याला लागला आणि मी उलट दिशेला निघाले. पायाच्या अंगठ्याला लागणारी वाळू एकदम नाहीशी झाली. किनाऱ्यावरची लाल छत्री बघता बघता लिंबाएवढी झाली. हात मारतेय आणि छत्री लहानच होतेय, तो क्षण अजून कधी कधी झोपेत येतो.

जीवरक्षकानं मला बाहेर आणलं. 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षकांची पगारी व्यवस्था आहे, म्हणून तो तिथे होता. त्याला हात जोडले. शिकवणारा जवळ आला आणि म्हणाला, ‘होता है, टेन्शन मत लो. फोटो अच्छा आया है.’

असा माणूस गुन्हेगार आहे. बेफिकीर, उत्साही, तरुण वगैरे सौम्य शब्द मी त्याच्यासाठी वापरणार नाही. ज्याला पाणी वाचता येत नाही आणि तरी जो दुसऱ्याला पाण्यात नेतो, त्याच्या हातात लायसन्स नसलेल्या ड्रायव्हरसारखा दुसऱ्याचा जीव असतो.

आणि त्याला गिऱ्हाईक पुरवतो ते आपण. मी लिहिते-बोलते म्हणून लोक मला विचारतात, सर्फिंग शिकायला कुठे जाऊ? मी उत्तर द्यायच्या आधीच पुढचे प्रश्न येतात. रूमला एसी आहे का, बीचवर कॅफे चांगले आहेत का, शाकाहारी मिळेल का, ड्रोननं शूटिंग करतात का. गेल्या सात वर्षांत एकानंही मला विचारलेलं नाही की तिथला तळ कसला आहे.

तळच विचारायला हवा. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे लाट कशी फुटणार हे तिच्याखालची जमीन ठरवते. वाळूचा तळ हळूहळू चढत गेलेला असेल तर लाट वरून फेसाळत, सावकाश मोडत येते आणि नवशिक्याला उठायला तीन-चार सेकंद देते. तळ एकदम चढला तर तीच लाट भिंतीसारखी उभी राहते आणि धाडकन आपटते. अशा जागी कमरेइतक्या पाण्यातसुद्धा माणूस डोक्यावर पडून मान मोडून घेऊ शकतो. आणि तळ खडकाचा किंवा प्रवाळाचा असेल, तर पडणं म्हणजे कातडी सोलून घेणं. शिकणारा माणूस तासाभरात तीस-चाळीस वेळा पडतो. शिकायची जागा म्हणजे जिथे इतक्या वेळा पडूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात जाता येतं ती.

माझा भाचा बावीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. ‘मावशी, बालीला चाललोय आम्ही चौघं. उलुवातूला सर्फिंग शिकणार.’ उलुवातू! उलुवातूची लाट जगप्रसिद्ध आहे आणि ती प्रवाळाच्या खडकावर फुटते. पाण्यात उतरायचं ते कड्याखालच्या गुहेतून, आणि प्रवाहानं पुढे नेलं तर त्या गुहेच्या तोंडाशी परत येताना तयार सर्फरचीही दमछाक होते. मी त्याला विचारलं, ‘तुला पोहता किती येतं?’ तो म्हणाला, ‘मावशी, येतं गं थोडं. आणि पाण्यात पडलं की येतंच ना.’

पाण्यात पडलं की पोहता येतं. ही म्हण आपण नोकरीला लागताना वापरतो, लग्न करताना वापरतो, पोराला दुकानात बसवताना वापरतो. तिथे ती खरीही असेल. पाण्याच्या बाबतीत ती सपशेल खोटी आहे. पाण्यात पडलं की माणूस बुडतो. ज्या विहिरीवर आपल्या आजोबांनी पोहणं शिकून घेतलं, तिथे तरंगायला पाठीला सुकडी बांधलेली असायची आणि काठावर काका उभा असायचा. तो काका आपण विसरलो आणि म्हण तेवढी लक्षात ठेवली.

सर्फिंग ज्यानं हवाईबाहेर जगभर नेलं, त्या ड्यूक कहानामोकूनं 1912 आणि 1920 अशा दोन ऑलिम्पिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं होतं. आधी पोहणारा, मग लाटेवर उभा राहणारा. 1925 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्टजवळ मासेमारीची बोट उलटली, तेव्हा त्यानं बोर्डवरून फेऱ्या मारून आठ जणांना जिवंत बाहेर आणलं. या खेळाची परंपरा ही अशी आहे. पोहता येत नसलं तरी चालेल, असं लिहिणारा त्या परंपरेच्या तोंडावर थुंकतो. लाइफ जॅकेट घालतो ना, हे उत्तर मला देऊ नका. अंगावर येणाऱ्या लाटेखाली बुडी मारून ती डोक्यावरून जाऊ द्यायची असते, आणि जॅकेट घातलं की बुडीच मारता येत नाही. शांत पाण्यात न थांबता 200 मीटर पोहता येईपर्यंत समुद्रावर बोर्ड घेऊन जाऊ नये, हा माझा नियम आहे आणि मी तो घरातल्यांनाही लावते.

दुसरी गोष्ट हंगाम. आपण सुट्टी कधी आहे ते बघून तिकीट काढतो. समुद्राला आपल्या शाळेचं वेळापत्रक माहीत नाही. श्रीलंकेतलं वेलिगामा ही नवशिक्यांसाठी खरोखर चांगली जागा आहे, रुंद उपसागर, वाळू, बुटक्या मऊ लाटा. पण ती नोव्हेंबर ते एप्रिल. जून-जुलैत तिथे नैऋत्य मोसमी वारे थेट तोंडावर येतात आणि त्या वेळी सर्फिंगचा हंगाम बेटाच्या पूर्व बाजूला, अरुगम बेला असतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत पश्चिम किनारा निवळलेला असतो, तर चेन्नईच्या बाजूला ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळांचे दिवस असतात. कारवार, मंगळूर, गोवा इथे ऑक्टोबर ते एप्रिल शिकायला बरं. मेपासून लाट मोठी होत जाते. मंगळूरजवळ ससिहित्लूला राष्ट्रीय पातळीवरची सर्फिंग स्पर्धा मे अखेर, जूनच्या तोंडावर भरवतात, ती लाटा मोठ्या असतात म्हणूनच. त्या स्पर्धेचे व्हिडिओ बघून जूनमध्ये बोर्ड भाड्यानं मागणारे लोक मला भेटले आहेत, आणि देणारेही.

आपल्या कोळ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुना माणूस होडी ढकलत नाही. जन्म समुद्रावर गेलेला माणूस ज्या महिन्यात पाण्यात जात नाही, त्या महिन्यात दोन दिवसांच्या पॅकेजवर आलेल्यांना पाण्यात ढकलायचं, याला धाडस म्हणतात?

दिवसातली वेळसुद्धा महत्त्वाची. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, ते इथे उपयोगी पडतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तेव्हा लाटेचा चेहरा नितळ असतो. अकरा-बारानंतर खारा वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं. सकाळी साडेसहाला पाण्यात नेणारा शिकवणारा आणि जेवण झाल्यावर तीनची बॅच घेणारा, यांतला कोण लाट बघून धंदा करतो आणि कोण हॉटेलचं चेकआउट बघून, हे वेगळं सांगायला नको.

आणि एक लाट अशी असते जी आभाळ निरभ्र असताना येते. दूर दक्षिण हिंदी महासागरात वादळ होतं, तिथल्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्या किनाऱ्याला लागतात, इथे वारा नाही, पाऊस नाही. केरळात तिला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र तिचा इशारा आधी देतं, फुकट देतं. 2024 च्या मे महिन्यात कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर अशाच लाटांत पाच वैद्यकीय विद्यार्थी गेले. इशारा दिलेला होता. तुमच्या सर्फ स्कूलवाल्यानं आज सकाळी या केंद्राचं इशाऱ्यांचं पान उघडलं का, एवढा प्रश्न विचारा. गडबडला तर पैसे परत मागा आणि उठा.

गोव्यातल्या प्रकारानंतर मी दोन वर्षं समुद्राकडे फिरकले नाही. मग मुलकीला गेले. मुंबईहून मंगळूरकडे जाणाऱ्या कोकण रेल्वेवर मंगळूरच्या आधी हे लहान स्टेशन लागतं. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी वाळूचे बांध तयार होतात. भारतातली सर्फिंगची पहिली शाळा इथेच, 2004 मध्ये, ‘सर्फिंग स्वामी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॅक हेबनर या मूळच्या अमेरिकन वैष्णव साधूच्या आश्रमातून सुरू झाली. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकही कमी. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, मंगळूरकडे दीड मीटरच्या आसपास. पाणी जितकं जास्त येणार-जाणार तितकी ओढ जास्त आणि लाटेची जागा तासातासाला बदलणार. मुंबई-अलिबागच्या पाण्यात शिकणं अवघड का आणि तिकडे सोपं का, याचं हे एक साधं कारण आहे.

पण मी मुलकीची आठवण काढते ती यासाठी नाही. पहिल्या सकाळी मला शिकवायला आलेला मुलगा तिथलाच, घरात तुळू बोलणारा. त्यानं बोर्डला हातही लावू दिला नाही. मला वाळूवर बसवलं आणि म्हणाला, ‘अक्का, आधे घंटे सिर्फ देखो.’ अर्ध्या तासानं विचारलं, लाटा कितीच्या गटानं येतायत? मधे किती वेळ शांत? पाणी कुठून बाहेर जातंय? मी डावीकडचा गडद पट्टा दाखवला. तो हसला नाही, शाबास म्हणाला नाही, नुसती मान डोलावली आणि काठीनं वाळूत रेघ ओढली. या रेघेच्या पलीकडे जायचं नाही. मग त्यानं माझ्या लीशचा पट्टा स्वतः उघडला, वेल्क्रोतली वाळू नखानं काढली, लावला, आणि दोन्ही हातांनी हिसका देऊन बघितला. पडताना सपाट पडायचं, वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे कधी धरायचा नाही. हे त्यानं माझ्याकडून दहादा करून घेतलं. सगळा पहिला दिवस कमरेइतक्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या फेसात. मी उभी राहिले नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही आणि मलाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन गेले तर तो काठावर उभा. ‘आज पानी में नहीं जाना.’ मला तर लाटा कालच्यासारख्याच दिसत होत्या. त्यानं समजावलं की दोन लाटांमधलं अंतर वाढलंय, म्हणजे लाट लांबून आली आहे आणि दिसते त्याहून तिच्यात जोर जास्त आहे. त्या दिवसाचे पैसे त्यानं परत केले. समोर आणखी सहा जण होते, त्यांचेही केले. दोघांनी भांडण काढलं, आम्ही बंगळूरहून गाडी चालवत आलोय म्हणाले. तो हलला नाही.

चांगली जागा म्हणून मी याच्याकडे बोट दाखवीन. ज्या किनाऱ्यावर भरलेले पैसे परत देऊन ‘आज नाही’ म्हणणारा माणूस आहे, तिथे शिका. तो वेलिगामात भेटला तर वेलिगामात, बालीत कुटाच्या वाळूवर भेटला तर तिथे. तो नसेल तर हवाईतलं वायकीकीसुद्धा कामाचं नाही.

चेन्नईच्या दक्षिणेला कोवलम नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, केरळातलं कोवळम वेगळं. तिथल्या मूर्ती मेगवन या मच्छीमारानं गावातल्या पोरांना लाटेवर उभं केलं, 2012 मध्ये शाळा निघाली. आज त्या पट्ट्यातली कोळ्यांची मुलं राष्ट्रीय स्पर्धांत असतात आणि शहरातल्या लोकांना शिकवून घर चालवतात. पाणी वाचायची विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती, बोर्ड तेवढा नवा आला.

मग माझ्या कोकणात काय कमी होतं? भूगोलाच्या पुस्तकात 720 किलोमीटरचा किनारा, प्रत्येक खाडीच्या तोंडाशी कोळीवाडा, आणि डोळे मिटून वारा ओळखणारी माणसं. त्यांना आम्ही काय काम दिलं? बनाना राइड ओढायचं. स्पीडबोटीत दहाच्या जागी पंधरा बसवायचं. वाळूवरून गाड्या पळवायला भाड्यानं द्यायचं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडला पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. चौदा. महिनाभर बैठका झाल्या, पत्रकं निघाली, पोहण्यास मनाई असे फलक रंगवले गेले. फलक बुडणाऱ्याला बाहेर काढत नाही. त्याला पगारी, प्रशिक्षित, दोरी आणि बोर्ड हाताशी असलेला माणूस लागतो, आणि तो प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर बारा महिने उभा करायला सरकारला पैसे नाहीत असं मी मानायला तयार नाही. किनारा सुशोभित करायला पैसे आहेत. सेल्फी पॉइंटला आहेत.

मागच्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर ग्रामपंचायतीनं ठेवलेला एक पोरगा ओहोटीच्या वेळी शिट्टी फुंकून लोकांना मागे बोलवत होता. वीसेक वर्षांचा, पायात चप्पल नाही. पाण्यातून एक गृहस्थ ओरडले, ‘तू कोण रे आम्हाला सांगणारा? आम्ही पैसे खर्च करून आलोय.’ त्यांच्या खांद्यावर पाच-सहा वर्षांची मुलगी होती. पोरगा त्यांच्याशी वाद न घालता गुडघाभर पाण्यात गेला आणि त्यांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला जाऊन उभा राहिला. अर्धा तास तसाच उभा होता. सर्फिंग शिकवायला मला असा माणूस हवा आहे. तो आपल्याकडे आहे, आणि त्याला आपण हंगामापुरतं ठेवतो आणि वर शिव्या देतो.

भाच्याला मी बालीसाठी एक पैसा देणार नाही असं सांगितलं. त्याला राग आला. मित्रांसमोर मान खाली गेली म्हणाला, आईकडेही तक्रार केली. माझी बहीण मला म्हणाली, ‘जाऊ दे गं, पोरं आहेत, हौस असते.’ मी तिला त्या लाल छत्रीबद्दल सांगितलं. ते मी तिला याआधी कधी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला मेसेज केला की बाली पुढच्या वर्षीही तिथेच असेल, तू आधी घराजवळच्या तलावावर जा, 200 मीटर झाले की मला कळव, नोव्हेंबरात मुलकीचं तिकीट मी काढते. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तलावाच्या तीन महिन्यांच्या पासाचे पैसे मी भरून ठेवले आहेत.